फायनलच्या दिवशी भरीत

११ डिसेंबर २०२२, रविवार

हे ठरवून मोकळे झाले! पुढच्या रविवारी फुटबॉलची फायनल, आपल्याच क्वार्टरमध्ये, सोबत भरीत पार्टी. पंधरा-वीस माणसं तरी होतील. मला विचारलं? छे! चहा पिता पिता सांगितलं — "बठ्ठासले बलाव." सगळ्यांना बोलाव म्हणे! जशी मी रिकामीच बसलेय.

दर वेळी हे मॅच बघायला कॉलनीच्या हॉलमध्ये जातात. तिथे मोठा पडदा लावतात. ऐन उमेदीत रेल्वे वर्कशॉपच्या टीमकडून खेळलेले, त्यामुळे तिथे ह्यांचा रुबाब असतो. आख्ख्या भुसावळात ह्यांच्याइतकं फुटबॉल कुणाला कळत नाही, असं ह्यांचं ह्यांनीच ठरवलंय. मग या वर्षी घरी का?

का ते मला माहीत आहे. हॉलमध्ये पहिल्या रांगेतूनही पडदा लांब पडतो. घरी टीव्हीला नाक लावून बसता येतं.

ह्यांना नीट दिसत नाही. लिहिलं एकदाचं! दिवाळीपासून मनात आहे, कागदावर उतरवायला हात धजत नव्हता. हे लोको पायलट आहेत. मालगाडी चालवतात.

१२ डिसेंबर

दिवाळीत मी हिरवी साडी नेसले होते. म्हणाले, निळी छान दिसते. मी हसले, म्हटलं पुरुषांना रंग कुठे कळतात. मग शेजारची ज्योती फाटकाशी उभी होती, ती बोलेपर्यंत ह्यांनी तिला ओळखलं नाही. मग चहा कपाबाहेर ओतला. विचारलं तर म्हणे चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग बदला ना! तर माझ्यावरच डोळे वटारले.

मेडिकल मे महिन्यात आहे. त्यात नापास झाले तर इंजिनवरून खाली उतरवतील, कुठल्या तरी टेबलावर बसवतील. नोकरी राहील, ते मला कळतं. पण हा माणूस राहील का? रिटायर झालेल्या ड्रायव्हरला बघूनसुद्धा ह्यांचा चेहरा पडतो.

भीती नक्की कशाची वाटते तेच ठरत नाही. कुणाला कळलं तर काय — आणि नाही कळलं तर काय!

१४ डिसेंबर

ह्यांची अर्जेंटिना फायनलमध्ये! हे सकाळी पोरासारखे नाचले. आणि वर बातमी दिली, देवचंद भाऊंना पण बोलावलंय.

देवचंद भाऊ म्हणजे ह्यांचे इन्स्पेक्टर. इंजिनवर चढायचं आणि ड्रायव्हर गाडी कशी चालवतो ते बघायचं, हेच त्यांचं काम. त्यांची नजर म्हणजे घारीची. मी म्हटलं, त्यांना कशाला? तर पटकन म्हणाले, "नही बलावं तं त्यासले शंका यी."

शंका कसली, ते मी विचारलं नाही. ह्यांनी सांगितलं नाही. पण आता दोघांनाही माहीत आहे की दोघांनाही माहीत आहे.

१५ डिसेंबर

मालगाडी सिग्नलला उभी दिसली तरी हात जोडले जातात. चालती दिसली तरी जोडले जातात.

१७ डिसेंबर

बाजार झाला. बामणोदची हिरवी वांगी, कोवळी बघून आणली. कांद्याची पात, मुळे, पोपटी मिरच्या. कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ दळून आणलं — पुऱ्या गरम गरम लागतात सगळ्यांना, म्हणजे मी कढईपुढेच. ज्योती म्हणाली, "वहिनी, एवढ्या काय घाबरता? मी आहे ना पुऱ्या लाटायला!" तिला वाटतं मी पुऱ्यांना घाबरते.

दुपारी खुर्च्या मांडल्या. ह्यांची खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढ्यात. देवचंद भाऊंना मागे, सोफ्यावर. मोठ्या माणसाचा मान म्हणून नाही — तिथून त्यांना ह्यांचे डोळे दिसणार नाहीत म्हणून. हे ड्युटीवरून आले, खुर्ची चाचपून बघितली. हातपाय धुवायला गेले. चोराला साथ देणारीच झाले मी.

१९ डिसेंबर, सोमवार

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज अंग मोडून आलंय, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

संध्याकाळी अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या. वांगी भाजणं दर वर्षी ह्यांच्याकडेच. साल काळी पडून सुटायला लागली की नुसतं बघून सांगायचे — हे उचल, ते राहू दे. काल प्रत्येक वांगं बोटाने दाबून बघत होते. पार विस्तवात हात घालून! दोन बोटं भाजली. देवचंद भाऊ शेजारीच उभे. म्हणाले, "अरे प्रेमराज, चिमटा कसाले शे मंग?" सगळे हसले. मी सगळ्यांपेक्षा जोरात हसले.

भरीत मात्र झकास जमलं. मिरची मी मुद्दाम चढती टाकली. सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी असेल तर एकट्या ह्यांच्याकडे कोण बघतंय?

मॅच सुरू झाली. राजदीप आल्यापासून ह्यांच्या खुर्चीला चिकटून खाली बसला होता. राजदीप म्हणजे ह्यांचा असिस्टंट, इंजिनवर सोबत असतो. लग्न झालेला, एका मुलीचा बाप, पण ह्यांच्यापुढे अजून मान वर करून बोलत नाही. मी पुऱ्यांचं ताट घेऊन ह्यांच्या मागे आले आणि ऐकलं. राजदीप हळूच म्हणाला, "डावीकडून आपला." हे ओरडले, "डावीकडून आपला!" राजदीप म्हणाला, "कॉर्नर." हे ओरडले, "कॉर्नर!"

ताट हातात तसंच राहिलं.

इंजिनवर नियमच आहे. सिग्नल दिसला की दोघांनी तो मोठ्याने म्हणायचा. एक म्हणतो "दोन पिवळे", की दुसरा म्हणतो "दोन पिवळे". एकाची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून. पण दोघांनी आपापल्या डोळ्यांनी बघून म्हणायचं! हे बघून म्हणत नव्हते. ऐकून म्हणत होते. आणि दोघांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की घरात, भरताच्या ताटापुढेसुद्धा तसंच चाललं होतं.

म्हणजे गाडी अशी चालते! कधीपासून? देवा!

पुढची मॅच मी पाहिलीच नाही. दोन गोल झाले, मग फ्रान्सने फेडले, मग परत, ज्योती किंचाळत होती. मी पुऱ्या करपवल्या.

शेवटी पेनल्टीवर आलं. नेमका राजदीपला घरून फोन आला, तो अंगणात गेला. फ्रान्सवाल्याने मारला आणि अर्जेंटिनाच्या गोलकीपरने अडवला. सगळं घर उसळलं — आणि ह्यांनी डोक्याला हात लावला. "झाला गोल!" म्हणाले. मग बाकीच्यांचा आवाज कानात शिरला तसे उठले आणि नाचायला लागले. सगळ्यांच्या नंतर.

"प्रेमराजनी मस्करी दखा!" देवचंद भाऊ पोट धरून हसले. त्यांना थट्टाच वाटली, काही कळलं नाही. आठवडाभर मी देवापुढे हेच तर मागत होते. मग भाऊंना कळलं नाही म्हणून मोरीत जाऊन मी का रडले?

अर्जेंटिना जिंकली.

२० डिसेंबर

राजदीप आमचा डबा परत द्यायला आला. हे घरी नव्हते. सरळ विचारलं, किती दिवस चाललंय हे? मान खाली घातली. "काकू, काकांनी मला इंजिन शिकवलं. मी बघतो ना दोघांचं. घाबरू नका." जाता जाता म्हणाला, उद्यापासून सुट्टीवर आहे, धरणगावला बहिणीचं लग्न. मग ह्यांच्यासोबत कोण? "ज्याची ड्युटी लागेल तो, काकू." हे म्हणताना त्याचाही चेहरा उतरला.

जेवताना मी ह्यांना एवढंच म्हटलं — उद्या सिग्नल आधी कोण म्हणणार? ह्यांनी ताट बाजूला सारलं आणि उठले. मला ह्यांचा इतका राग कधीच आला नव्हता, आणि इतकी दयाही.

२१ डिसेंबर

ड्युटीचा फोन आला. मी डबा भरला नाही. स्वयंपाकघरात मोबाइलवर देवचंद भाऊंचा नंबर काढून उभी राहिले. अंगठा पुढे जाईना.

मागे हे येऊन उभे. एका हातात बूट, दुसऱ्यात स्वतःचा मोबाइल. तो माझ्यापुढे धरला.

"देवचंद भाऊले फोन लाई दे. माले नंबर दिखस नही."