काकूंच्या घरून गेलेला मंडळीचा डबा

आई, काल कामानिमित्त मस्कतहून सलालाहला जाऊन आले. आपल्या जुन्या बिल्डिंगमागची नारळाची बाग तशीच आहे, खाली मात्र मोबाइलचं दुकान झालंय. जिन्यापाशी थोडा वेळ उभी राहिले आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं.

तू ओमानला नर्स म्हणून आलीस तेव्हा मी शाळेत होते. मिरजेकडच्या ज्या लहानशा गावातून आपण आलो, तिथल्या प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळीच्या गोष्टी तू भाजी निवडता निवडता सांगायचीस. प्लेगच्या साथीत गावाबाहेरच्या झोपड्यांत पेज पोचवणारे तुझे पणजोबा, दुष्काळात चर्चच्या आवारात पेटलेली चूल, आजीने साऱ्या गावच्या बायकांसाठी चालवलेला शिवणवर्ग. "आपल्याकडे उपासना संपल्यावर कुणी सरळ घरी जात नाही," असं तू म्हणायचीस. सलालाहच्या आपल्या चिमुकल्या मराठी मंडळीलाही तू तीच सवय लावलीस. शुक्रवारी सकाळी उपासना, आणि मग ज्यांचं तिथे कुणी नाही अशा कामगारांसाठी हॉस्पिटलात डबे.

तुझ्या वॉर्डात तेव्हा रायगडकडचा एक तरुण गवंडी होता, परांचीवरून पडून दोन्ही पाय मोडलेला. त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, एकदा येऊन इन्शाल्ला म्हणून गेला तो गेलाच. हॉस्पिटलचं जेवण त्याला जात नव्हतं, आणि आपला डबा तो दर वेळी पोट भरलंय म्हणून हळूच बाजूला सारायचा. चर्चमधून आलेलं, त्यात हलाल-हराम कसं कळणार, हे त्याला तोंडाने म्हणवत नव्हतं. तुला मात्र ते कळलं. रागावली नाहीस. पुढच्या शुक्रवारी उपासनेनंतर तू मला घेऊन शेजारच्या, रत्नागिरीच्या मुसलमान काकूंच्या दारात उभी राहिलीस. सगळं सांगितलंस. काकू म्हणाल्या, भांडी माझी, हात दोघींचे. मी ओट्याजवळ बसून बघतेय: काकू तांदळाच्या भाकऱ्या थापतायत, तू बांगड्याच्या कालवणात आमसुलं टाकतेयस, आणि दोघी कुठल्याशा गोष्टीवरून खुदुखुदु हसताय. त्या दिवशी तो भाकरी मोडून जेवला. मान वर न करता, शेवटचा घास संपेपर्यंत.

आपल्या मंडळीच्या एल्डरना, म्हणजे कारभार बघणाऱ्या त्या पोर्टातल्या अकाउंटंटना, हे आवडलं नाही. मंडळीच्या नावाने जाणारा डबा मंडळीच्याच घरातून जायला हवा, असं त्यांनी सगळ्यांसमोर तुला सुनावलं. दुसऱ्यांच्या चुलीवर शिजलं तर आपली ख्रिस्ताची साक्ष ती कसली? तू शांतपणे म्हणालीस, "तो जेवला, भाऊ. एवढी साक्ष मला पुरे." पुढे कितीतरी दिवस ते तुझ्याशी धड बोलत नव्हते. मग तुझी ड्यूटी बदलली, डबा कोण नेणार असा प्रश्न पडला, तर त्या शुक्रवारी तेच आपल्या दारात. गाडी खाली उभी आहे म्हणाले, कालवण सांडणार नाही असं बांधा. आणि तो गवंडी घरी जाईपर्यंत त्यांनी एकही शुक्रवार चुकवला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तो कुबड्या घेऊन आपल्याकडे आला. काकूही आल्या. चहा झाल्यावर तो तुला म्हणाला, "सिस्टर, माझ्यासाठी दुवा करा." एरवी तू लगेच डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना सुरू करायचीस. त्या दिवशी तू काकूंकडे वळलीस. "आधी तुम्ही," म्हणालीस. काकूंनी पदर डोक्यावर घेतला, हात उघडून दुवा मागितली. मग तू तुझी प्रार्थना केलीस, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून आमीन म्हटलं. तो बराच वेळ रडत होता.

आता मी मस्कतला असते. आम्ही इथल्या हमरिया भागातल्या दोघीतिघी जमून डबे करतो, शुक्रवारी हॉस्पिटलात नेऊन देतो. तुझी लेक अगदी तुझ्यासारखीच निघाली, असं मंडळीत म्हणतात आणि मी ऐकून घेते. हे पत्र धाडायला पत्ता नाही, म्हणून तुलाच खरं सांगून टाकते. सेवा वगैरे माझ्या मनात फारशी नसते गं. तू नसल्यापासून शुक्रवारी मला घरात बसवत नाही, म्हणून जाते.