चारच्या गाडीनं जाणारं सरकार

नेर, बुधवार

ती. पुष्पाताईस उज्ज्वलाचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आणि भाऊजी यवतमाळ-नेर अप-डाउन करून थकत नाहीत ना? (पत्र त्यांच्याच रिकाम्या डब्याच्या पिशवीत घालतेय. त्यांनी ते वाचू नये.)

इकडे आमच्या नववीची संसद भरली आहे, रोज शेवटच्या तासाला. हेडमास्तरांनी शब्द दिलाय की शुक्रवारपर्यंत जे एक विधेयक मंजूर होईल, ते शाळा खरोखर अमलात आणेल. पंतप्रधान अर्पिताचं विधेयक आहे मुलींच्या बाथरूमला कडी बसवण्याचं. (दोन वर्षं एक मुलगी आत जाते, दुसरी बाहेरून दार धरते.) विरोधी पक्षनेता आयुषला क्रिकेटचं सामान हवंय. अर्पिताकडे अठरा खासदार, आयुषकडे बावीस. उरलेले पाच तांड्यावरचे. त्यांची पुढारी जमनी हिने मंत्रिपद न घेता अर्पिताला बाहेरून पाठिंबा दिलाय.

ताई, वीस वर्षं मी अल्पमतातलं सरकार दोन गुणांसाठी शिकवलं. ते दिसतं कसं, हे आत्ता पाहतेय. कुणाला खोडरबर न देणारी अर्पिता जमनीसाठी जागा धरते, तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकते. आकडा पुरेसा असता तर ऐकलं असतं का, हे मला राहून राहून वाटतं. (घरी मी कुणाचं किती ऐकते, असंही मनात आलं. तो विषय मी पटलावर घेतला नाही.)

काल मात्र मतदानाला हात वर होणार, तोच बाहेर एस्टीचा हॉर्न वाजला. तांड्याकडे जाणारी ती चारची, शेवटची गाडी. जमनी दप्तर उचलून म्हणाली, "बाई, पाठिंबा हाये, पण गाडी चालली." पाचही गेले.

आयुष शांतपणे म्हणाला, "बाई, आता मोजा नं."

मी अध्यक्ष. शाळा सुटेपर्यंत मी चष्मा शोधत राहिले. (तो डोक्यावर होता. आयुषला दिसत होता.) मतदान आता शुक्रवारवर गेलंय.

तुझी,
उज्ज्वला

ता. क. भाऊजी नेरच्या स्टँडवरून गाड्या सोडतात. शुक्रवारी तांड्याची गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली तर सरकार वाचेल. मी म्हटलं तर ते नियम सांगतील. तू म्हटलंस तर ऐकतील.

ता. क. २. आज गुरुवार. वरचं राहू दे. त्या गाडीचे ड्रायव्हर धर्मपालभाऊ हे आयुषचे वडील निघाले. तेच जमनीला म्हणाले, "मोजणी झाल्याबिगर गाडी हालत नाही." त्यांची धाकटी आमच्याच शाळेत पाचवीत आहे, तिलाही बाथरूमचं दार धरायला कुणीतरी लागतं. (आयुषला अजून ठाऊक नाही.) तू फक्त भाऊजींच्या हाती एक मजबूत कडी आणि चार स्क्रू पाठव. विधेयक मंजूर झालं तरी शाळेची कडी यायला पुढची संसद उजाडेल.