वंशावळ जड पडली

परळ,
१४ नोव्हेंबर २००२

चि. लतिका हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा थंडी पडली की कुरकुरतो, एरवी ठीक. तू ट्रेनिंगहून सोमवारी बंगलोरला येशील, तोवर हे पत्र खोलीवर पोचलेलं असेल. कॉम्प्युटर उघडायच्या आधी ते वाच.

तू दिलेला मेलचा प्रोग्रॅम बिघडला होता. उघडला की पांढरा व्हायचा आणि आपोआप मिटायचा. मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, मागून फुंकर मारली, टेबलफॅन लावला. आई म्हणाली, "त्याला ताप आलेला नाही." संपानंतर गिरणी बंद झाली तेव्हासुद्धा टाइम ऑफिसातलं माझं काम असं अडलं नव्हतं.

मग मला न विचारता आईने रघुला फोन केला. हो, तुझाच रघु. वरळीहून ऑफिस सुटल्यावर आला. त्याच्याशी लग्न करायचं म्हणणारं तुझं पत्र आल्यापासून मी त्याचं नावही घेतलं नव्हतं, आणि हा माझ्याच खुर्चीत बसला.

त्याने फोनची वायर काढली, तर प्रोग्रॅम निमूट उघडला. म्हणाला, "काका, एक मेल अडकलाय. तो पाठवायला गेला की हा मरतो. काय जोडलंय त्याला?"

मी म्हटलं, "आमच्या घराण्याची वंशावळ. लतिकासाठी स्कॅन करून आणली."

"फार जड आहे, काका. काढतो."

काढली. पण मजकूर समोरच राहिला. तो मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिला होता, त्यामुळे बिचाऱ्याला लागेना. मोठ्याने वाचायला लागला. "'त्या घरात तुला जन्मभर मासळीचा...' काका, हे काय आहे? वसा?"

"वास," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. त्याने फोनची वायर परत लावली आणि उठून मला खुर्ची दिली. "पाठवायचा की खोडायचा, तुम्ही ठरवा. मी हात लावणार नाही."

मी खोडायचं ठरवलं होतं, लतिका. शपथ घेतो. चष्मा नव्हता, भलतंच बटण दाबलं गेलं. इतके दिवस जो मेल हलत नव्हता तो डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला. रघु खाली बसून हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग आई हसली. शेवटी मीसुद्धा.

जाताना तो म्हणाला, "पुढच्या रविवारी घरी या. आई पापलेट करेल. वास येईल, सांगून ठेवतो."

फोनवर हे मला सांगता आलं नसतं. तो मेल तू वाचशीलच, तुला मी ओळखतो. वाच, पण तो लिहिणारा माणूस आता या घरात राहत नाही असं समज. २४ तारखेला, रविवारी आम्ही दोघं वरळीला जाणार आहोत. कोणता सदरा घालू, एवढं फोन करून सांग.

तुम्हा दोघांचा,
तात्या