दुर्बिणीची वरची काच

बा, तू जाऊन सत्तावीस वर्षं झाली आणि अजून मला तुझी किळस येते. वाईट वाटेल तुला, वाटू दे. कालपासून ती पुन्हा घशाशी आली आहे आणि बोलायला दुसरं कोणी नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी नववीत होते, आणि तू वाशीमजवळच्या मालेगावला त्याच शाळेत शिपाई. प्रयोगशाळेची किल्ली तुझ्या करदोड्याला. सूक्ष्मदर्शकाला आपण दुर्बीणच म्हणायचो; शाळेत ती एकच, हिरव्या फडक्यात गुंडाळलेली. विज्ञानाच्या सरांनी त्या दिवशी ती तुला काढायला लावली, कांद्याचा पापुद्रा लाल रंगात बुडवून खाली ठेवला आणि आम्हाला रांगेत उभं केलं. तीसेक पोरं वाकून बघून गेली. बौद्धवाड्यातली मी एकटी. माझा नंबर येतो, मी वरच्या काचेला डोळा लावते, आणि आत पेशीच पेशी, विटांसारख्या एकीला एक लागून, प्रत्येकीत एक ठिपका. अगं माय! मला श्वास घ्यायचं भान राहत नाही. डोकं वर काढलं तर सर तुला म्हणत होते, "काच पुसून घे रे, मग पुढच्याले येऊ दे." माझ्याआधीच्या एकाच्याही नंतर पुसायला सांगितलं नव्हतं. आणि तू, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस, स्पिरिटचा बोळा घेऊन पुढे झालास आणि स्वतःच्या पोरीने डोळा लावलेली ती काच पुसलीस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

घरी माय भाकरी थापत होती. तू ताटावर बसलास तसं मी विचारलं, "बा, काहून पुसलं? माह्या डोयाले काय झालं होतं?" तू भाकरीचा तुकडा मोडत म्हणालास, "काई नाई झालं. जेव तू." मायच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "तुले लाज नाई वाटत?" म्हणत मी ताट सारलं आणि उठले.

रविवारी तू मला शाळेत नेलंस, कुलूप काढलंस, दुर्बीण खिडकीशी मांडलीस. "पाह्य, पोट भरून पाह्य," म्हणालास. डोळ्याला पाणी येईस्तोवर मी बघत होते, आणि तू स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होतास. राग जवळजवळ गेलाच होता. निघताना तू खिशातून बोळा काढलास आणि काच पुन्हा पुसलीस. खोलीत आपण दोघंच. मी म्हटलं, "आता कोन पाहून राह्यलं, बा?" तर म्हणे, "सरांले समजते." छी! त्या दिवशी मला जी शिसारी आली ती सरांचीही कधी आली नाही.

पुढे मी निवृत्त होईपर्यंत जे काम केलं, ते तू होतास तेव्हाही तुला कधी नीट सांगितलं नाही. प्रयोगशाळेत बसून पेप्टाइडं बनवली, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. जिवंत पेशीच्या आत शिरायचं आणि तिथलं एकच बिघडलेलं प्रथिन हुडकून धरायचं, एवढं साखळीचं काम. पेशी सहजी कोणाला आत घेत नाही, म्हणून साखळीला एक शेपटी जोडायची. शेपटी आवरणाला चिकटते आणि पेशी ती साखळी गिळते. गिळते खरी, पण आतल्या आत एका पिशवीत कोंडून ठेवते. बहुतेक साखळ्या तिथेच जिरून जातात, प्रथिनापर्यंत पोचत नाहीत. आत गेलं म्हणजे पोचलं, असं नसतं बा, हे कळायलाच माझी वर्षं गेली. आणि ते सगळं करताना दिवसातून दहा वेळा टेबल स्पिरिटने पुसायचं. वास आला की तू दिसायचास. कितीदा जेवण गेलं नाही.

काल शाळेने प्रयोगशाळेला सरांचं नाव दिलं. मला मुद्दाम बोलावलं. ती काच आणि तो बोळा सांगायचाच, असं वाशीमपासून एसटीत घोकत गेले होते. समोरच सरांचा मुलगा, हात जोडून बसलेला. मी माईकपाशी गेले आणि म्हणाले, "मला पहिली पेशी सरांनी दाखवली." टाळ्या पडल्या. किल्ली कोणाकडे होती, रविवारी कुलूप कोणी काढलं, यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. माझीच मला घाण वाटली.

मग त्यांनी ती जुनी दुर्बीण हार घालून आणली. मी आधी बघायचं, मागून शाळेच्या पोरी. खाली तोच कांद्याचा पापुद्रा. बघितलं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, पण एवढं तुला सांगायलाच हवं. मी डोकं वर काढलं आणि मागची पोर पुढे यायच्या आत पदराने ती काच पुसली. कोणी सांगितलं नव्हतं, बा. हात आपसूक गेला. पोर माझ्याकडे बघत राहिली. "काहून पुसलं, बाई?"

मी म्हटलं, "काई नाई झालं. पाह्य तू."