रविवारची विरुद्ध बाजू

बुधवार, ता. ९

प्रिय दादा,

आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरा असशील असं लिहिणार होते, पण ते खरं नसेल, म्हणून सरळ विचारते: मनगट कसं आहे?

तुझा निरोप आईला मिळाला. रविवारी दुपारी येतोयस, महिनाभर राहणार आहेस आणि कुणी काही विचारू नये एवढंच तुझं म्हणणं आहे. आईने लगेच तुझी खोली उघडली, गादी उन्हात टाकली. तिचं शिवणयंत्र तिथे होतं, ते ओढत जिन्याखाली आणलं. काकांनी मदत केली, म्हणजे बाजूला उभं राहून "डावीकडे, अजून डावीकडे" म्हणाले. इतकी वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतायत, स्वतः हात लावायची सवयच राहिलेली नाही.

दादा, तू रविवारी येऊ नकोस. सोमवारी ये.

कारण सांगते. आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण, हा आपल्या घरचा वाद काही संपलेला नाही. रविवारी जेवणं झाली की बाबा टेबल पुसायला लावतात आणि सुरू. काका अजून त्यांच्या मुष्टियोद्ध्याला धरून आहेत. शेजारचे औषधवाले म्हणतात, मॅरेथॉन धावणाऱ्यापुढे बाकी सगळे झूठ. आई मुद्दाम बुद्धिबळाचं नाव काढते, म्हणजे सगळे तिच्यावर ओरडतात आणि तिला चहाच्या निमित्ताने उठता येतं. आपल्या दोघांना मात्र बाबांचा नियम तोच: ज्याच्यावर आपला जीव, त्याच्या विरुद्ध बोलायचं. शाळेत घालण्याआधी त्यांनी आपल्याला अक्षरं शिकवली ती याच टेबलावर, आणि अक्षरांबरोबर हेही. जन्मभर कोर्टात बसून दुसऱ्यांचे युक्तिवाद लघुलिपीत उतरवून घेतले, स्वतःला तोंड उघडायची सोय नव्हती. ते सगळं आपल्याकडून वसूल.

या रविवारी उमेदवार तू आहेस.

गेल्या रविवारी काका म्हणाले, "आपल्या पोराचं नाव घ्या की एकदा, घरचा खेळाडू आहे." ते प्रेमानेच म्हणाले. बाबा हसले. "घेऊ की! राखीव गोलरक्षक. बसून बसून बाकडं इतकं गुळगुळीत दुसऱ्या कुणी केलंय?" औषधवाल्यांना हसताना ठसका लागला. आईने कप उचलले, अर्धे भरलेलेसुद्धा. मग बाबा म्हणाले, "तो स्वतः हजर असणार आहे. मांडू दे त्याला बाजू. विरुद्ध बाजू धाकटी घेईल. त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव तिचाच."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "तयारीला दिवस कमी आहेत."

तयारी मात्र नीट केली. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे स्पष्ट दिसतं की ते?" विचारतानाही मनात मुद्देच चालले होते. अडले ते एका ठिकाणी. तुला खेळायला मिळालेल्या त्या शेवटच्या सामन्यात उन्हामुळे चेंडू दिसला नाही आणि गोल झाला, असं सगळे समजतात. दिसला होता, हे फक्त मला माहीत आहे. मनगट पुन्हा मोडेल या भीतीने तू झेप घेतली नाहीस. घेतल्यासारखं केलंस. "कुणाला सांगू नकोस गं," तू फोनवर म्हणालास, आणि मी हो म्हणाले. पण माहीत असलेलं लपवून जिंकणं म्हणजे लबाडी, हेही मला याच टेबलावर शिकवलेलं आहे. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

काल संध्याकाळी बाबांनी तालीम घेतली. सगळं ऐकून म्हणाले, "एवढंच? हे तर औषधवालेही बोलतील. तू काहीतरी गिळतेयस. तिथे आलीस की तुझी मान खाली जाते."

दादा, मी सांगितलं.

ते हसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, त्यांना लागलं. मी माफी मागणार तेवढ्यात म्हणाले, "पुन्हा म्हण. 'झेप घेतल्यासारखं केलं' याच्या आधी थांब. श्वास घे. मग बोल."

मी पुन्हा म्हणाले. आधीपेक्षा खूप चांगलं वाटलं.

"ऐकलंस का गं?" बाबांनी आईला हाक मारली. "ही माझी मुलगी." इतक्या अभिमानाने ते आजवर तुझ्याबद्दलही बोलले नव्हते आणि माझ्याबद्दलही. जिन्याखाली आईचं यंत्र थांबलं, आणि मग एकदम जोरात सुरू झालं.

सोमवारी ये असं वर लिहिलंय ते खोड. तू सोमवारी आलास तर बाबा विषय पुढच्या रविवारवर ढकलतील, हे आत्ता लक्षात आलं. तू इतक्यात येऊच नकोस. दुसरीकडे कुठेतरी राहा. आईला मी हे सांगितलेलं नाही, तुझी गादी आज पुन्हा उन्हात आहे.

आणि आलासच, तर माझ्या समोरच्या खुर्चीवर बसू नकोस. खिडकीजवळ बस. तू माझ्याकडे बघितलंस की माझा श्वास चुकतो, आणि त्या वाक्याआधी तो चुकून चालणार नाही.

तुझ्यावर सगळ्यात जास्त जीव असलेली,
धाकटी