बादलीभर जुनं पाणी

१४ एप्रिल, संध्याकाळ

फेना,

बादली आत्ताच भरून मागच्या दाराशी ठेवली. हात चिखलाचेच आहेत, कागदाला डाग पडतील, चालवून घे. मी बरी आहे. तुम्ही दोघं बरे असाल. वुबेला सकाळी पाठवतेस म्हणालीस, पाठव.

तळ्याच्या तळाला बागेतली माती घालू का, असं विचारलं होतंस. घालू नकोस. खतावलेली तर मुळीच नको. महिन्याभरात पाण्याचं वाटाण्याचं सूप होईल. धुतलेली जाड वाळू घाल. काठाला गोटे, आणि एक बाजू उतरती ठेव, म्हणजे बेडकांना बाहेर येता येईल. आयरिस टोपलीत लाव, पाणपुदिना उथळ जागी. बाबा म्हणायचे, माणसाला जेवू घालावं, तळ्याला उपाशी ठेवावं.

जुन्या तळ्यातलं बादलीभर पाणी आणि गाळ ओतला की नवं तळं आपोआप जगू लागतं. म्हणून तर मागितलंस. "बाबांचं तेवढं तरी माझ्याकडे असू दे," म्हणालीस, आणि रडलीस. दफनानंतर कॉफीलाही थांबली नव्हतीस. फोनवर मात्र रडलीस.

बाबांचं तळं हल्ली तू बघितलेलंच नाहीस. आयरिस गेली. पुदिना गेला. पाणीसुद्धा दिसत नाही. त्यांच्या पंचाहत्तरीला तू एक कुंडी आणली होतीस. बारीक पानांचं, नाजूक रोप. पाणी स्वच्छ ठेवतं, असं दुकानदाराने तुला सांगितलं होतं. ते उपटायला गेलं की मोडतं, आणि नखाएवढ्या तुकड्यालाही मुळं फुटतात. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून चाळणीने काढायचे. बाबा आतून काच ठोकायचे.

"ए हिल्का! राहू दे ते. फेनाने लावलंय."

"बाबा, तळं मरतंय."

"तुला तिचं काही बघवतच नाही."

अंघोळ मी घालायचे. भरवायचे मी. घास तोंडात घेऊन ते खिडकीबाहेर बघायचे. "फेनाचं कसं फोफावलंय!"

मग शेवटपर्यंत मी त्या रोपाला हात लावला नाही.

आज बादलीतला गाळ धुऊन, निवडून द्यावा म्हणून चाळणी काढली होती. मग परत टांगून ठेवली. बादलीत तुझं ते रोप आहे, फेना. ओतलंस तर तुझ्या तळ्यात दुसरं काही जगणार नाही. ओतू नकोस.

हे पत्र वुबेच्या हाती देते.

तुझी म्हणवत नाही, पण बहीणच,
हिल्का

ता. क. १५ एप्रिल. सकाळी वुबे आला. कॉफी प्यायला. "चिखल आणायला नवऱ्याला पाठवणारी बाई जगात एकच," म्हणाला, आणि बादली डिकीत ठेवली.

"चिठ्ठीबिठ्ठी काही द्यायचीय का, ताई?"

नाही म्हटलं.