एका माइकवरची दोघं

गुरुदत्त,

भिंतीपलीकडे तू परत तोच अल्बम लावला होतास. इथल्या जर्मन कायद्याप्रमाणे घटस्फोटाआधीचं ट्रेनुंग्सयार, म्हणजे वेगळं राहायचं वर्ष, आपण एकाच घरात काढतोय. संसार एकत्र दिसला तर हे वर्ष धरलं जाणार नाही, असं वकीलबाईंनी बजावलंय, म्हणून एकमेकांचा चहासुद्धा करत नाही. गाण्याला मात्र भिंत अडवत नाही.

कार्ल्सरूहेत नवीन होतो तेव्हा तूच मला या अल्बममधली ही अमेरिकन गायक-जोडी ऐकवलीस. चकचकीत कंट्री संगीताने अडगळीत टाकलेला बँजो, चर्चमधली जुनी गाणी, गावाकडची दुःखं या दोघांनी परत आणली, म्हणून अमेरिकाना या मातीतल्या संगीतप्रकारात हा अल्बम मानाचा, असं तू तासन्‌तास सांगायचास. मला एवढंच आवडलं होतं की ती दोघं एकाच माइकवर गातात. मग आपणही गायचो. तू खालचा सूर धरायचास, मी वरचा.

मघाशी तू गुणगुणत होतास. भांडी विसळताना मी नकळत वरचा सूर लावला, आणि तू गप्प झालास. गाणंही थांबलं. म्हणून हे लिहायला घेतलं, तुझ्या दाराखालून सरकवणार होते.

पण आता हेडफोन लावून तू एकटाच गातोयस. खालचा नाही, माझा वरचा सूर.

बरा जमतोय तुला.

पलीकडच्या खोलीतून,
नीता